झेंडा धुवायचा की नाही?

ऑगस्ट लागला की धानोऱ्यात मला एक प्रश्न हटकून विचारला जातो. कधी चहाच्या टपरीवर, कधी फोनवर, कधी बाजाराच्या दिवशी भर रस्त्यात. "भाऊ, मागच्या वर्षीचा झेंडा मळला आहे. धुतला तर चालते का? का गुन्हा लागते?" विचारणाऱ्यांत मास्तर असतात, शेतकरी असतात, बचत गटातल्या बाया असतात. दुसरा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतो: "फाटला आहे जी. ठेवता येत नाही, फेकता येत नाही. करू काय?"

आणि काही लोक विचारतच नाहीत. त्यांचा झेंडा टिनाच्या छपरावर पोळ्यापर्यंत, दिवाळीपर्यंत, कधी कधी पुढच्या रोवणीपर्यंत तसाच राहतो. केशरी पट्टा पिवळा पडतो, हिरवा राखाडी होतो, टोकाला चिंध्या लोंबतात. त्या घरच्या माणसाला देशाबद्दल आदर नाही असं नाही. काढून करायचं काय, हेच त्याला माहीत नाही. हात लावला आणि काही चुकलं तर काय, ही भीती आहे.

उत्तर एका ओळीत देता येतं: झेंडा धुवा, घरच्या घरी धुवा, त्यात गुन्हा नाही. पण ही भीती आली कुठून, हे समजलं तरच ती जाईल. त्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागतो. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

हा झेंडा मुळात घरचा

आज झेंडा म्हटलं की आपल्याला तहसील कार्यालय, पोलीस स्टेशन, शाळेचं पटांगण आठवतं. शंभर वर्षांपूर्वी हे बरोबर उलटं होतं. सरकारी इमारतीवर युनियन जॅक असायचा, आणि आपला झेंडा घरातून निघायचा.

१९२१ च्या सुमारास गांधीजींनी पुढे आणलेल्या झेंड्यात पांढरा, हिरवा आणि लाल असे पट्टे होते आणि वर चरखा. या झेंड्याचं कापड खादीचं असावं हा आग्रह तेव्हापासूनचा. म्हणजे घरी कातलेलं सूत, हातमागावर विणलेलं कापड, हातानं शिवलेला झेंडा. नेसायची साडी आणि हातातला झेंडा एकाच सुताचा. घरात जे खादीचं कापड वापरतात ते घरातच धुतात, वाळवतात, घडी घालून ठेवतात. झेंडा त्याच पेटीत राहणारी वस्तू होती.

या कापडासाठी सगळ्यात मोठा लढा झाला तो आपल्या नागपुरात. तेव्हा नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती. आपला गडचिरोलीचा भाग चांदा जिल्ह्यात होता. गडचिरोली तहसील १९०५ साली झाली, तिच्यात बराचसा जमीनदारीचा आणि जंगलाचा मुलूख होता. १९२३ मध्ये आधी जबलपूरला नगरपालिकेच्या इमारतीवर झेंडा लावण्यावरून वाद पेटला. मग नागपुरात झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सच्या भागात जायला सरकारनं बंदी घातली. साहेबलोक राहतात तिथं हे कापड नको, एवढंच त्यांचं म्हणणं.

१ मे १९२३ पासून सत्याग्रह सुरू झाला. रोज काही माणसं झेंडा घेऊन निघायची, अडवली जायची, तुरुंगात जायची. दुसऱ्या दिवशी दुसरी माणसं, दुसरा झेंडा. जमनालाल बजाज पुढे होते, त्यांना अटक झाली तेव्हा वल्लभभाई पटेल नागपुरात आले. विनोबा भावेही याच सत्याग्रहात तुरुंगात गेले. देशाच्या वेगवेगळ्या प्रांतांतून तुकड्या येत राहिल्या, दीड हजारांहून जास्त माणसांनी अटक करून घेतली. शेवटी १८ ऑगस्ट १९२३ ला मिरवणूक झेंड्यासह सिव्हिल लाइन्समधून गेली. इतिहासात याला झेंडा सत्याग्रह म्हणतात. आपण शाळेत एका ओळीत वाचलं आणि पुढे गेलो.

१९३१ मध्ये काँग्रेसनं केशरी, पांढरा, हिरवा असा क्रम ठरवला, मधे चरखा ठेवला. १९४२ ला हाच झेंडा गावागावांत निघाला. १६ ऑगस्ट १९४२ ला आपल्या शेजारच्या चिमूरला काय झालं हे इकडच्या माणसाला सांगायला नको. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीलाही गोळ्या चालल्या. ९ सप्टेंबरला नंदुरबारला शिरीषकुमार मेहता नावाचा शाळकरी मुलगा हातात तिरंगा धरून उभा होता, तो तिथंच गेला. या सगळ्यांच्या हातातले झेंडे सरकारनं दिलेले नव्हते. ते कुठल्या तरी घरातून आले होते.

मग तो कार्यालयात गेला

२२ जुलै १९४७ ला संविधान सभेनं आजचा तिरंगा स्वीकारला. चरख्याच्या जागी चोवीस आऱ्यांचं अशोकचक्र आलं. देश स्वतंत्र झाला, झेंडा राष्ट्राचा झाला, आणि राष्ट्राची वस्तू म्हटली की तिला नियम आले.

हे नियम चांगलेच होते. १९५१ मध्ये झेंड्यासाठी भारतीय मानक ठरलं. आपल्या देशाच्या मानकांच्या यादीत त्याचा क्रमांकच एक आहे. १९६८ मध्ये त्यात सुधारणा झाली. लांबी-रुंदी ३:२, ठरलेली मापं, कापडाचा पोत, रंगाची छटा, शिवण, दोरी, सगळं त्यात लिहिलेलं आहे. हे कापड विणणं साधं काम नाही. कर्नाटकात धारवाडजवळच्या गरगचं आणि हुबळीजवळच्या बेंगेरीचं नाव त्यात मोठं. आपल्या महाराष्ट्रात नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत झेंडे तयार होतात, त्यासाठी खादी उदगीरला विणली जाते. म्हणजे लाल किल्ल्याच्या झेंड्याची गोष्ट करताना मराठवाड्यातल्या विणकराला विसरून चालत नाही.

पण या काळात दुसरी एक गोष्ट झाली. सामान्य माणसानं झेंडा लावायचा तो १५ ऑगस्ट, २६ जानेवारी अशा ठरावीक दिवशीच. बाकी वर्षभर तो सरकारी इमारतींचा. त्यामुळे झेंडा कसा सांभाळायचा हे ज्ञानही घरातून उठलं आणि कार्यालयात गेलं. कार्यालयात म्हणजे साहेबाकडे नाही, शिपायाकडे.

मी शाळेत होतो तेव्हा आमचे शिपाईकाका २६ जानेवारीच्या दोन दिवस आधी झेंडा पेटीतून काढायचे. रिठ्याच्या पाण्यात एकट्याला धुवायचे, इतर काही त्या बादलीत घालू देत नसत. व्हरांड्यात सावलीत दोरीवर पसरायचे, थोडा ओला असतानाच वर धोतराचं पान टाकून इस्त्री फिरवायचे. झेंडावंदन झालं की संध्याकाळी उतरवून परत घडी, परत पेटी. तो एक झेंडा आम्ही पहिलीत असताना होता आणि सातवीतून बाहेर पडलो तेव्हाही होता. कोणत्याही सरांनी आम्हाला हे शिकवलं नाही. शिपाईकाकांना ते त्यांच्या आधीच्या शिपायाकडून आलं होतं.

तालुक्यातल्या कुठल्याही जुन्या शाळेत, ग्रामपंचायतीत असा एक माणूस होता. झेंड्याचा खरा राखणदार तोच. त्याचं नाव कुठल्या कार्यक्रम पत्रिकेवर छापलेलं मी पाहिलं नाही.

आणि परत घरी आला, पण माहिती मागे राहिली

नवीन जिंदाल या उद्योजकाला रायगडच्या कारखान्यावर रोज तिरंगा लावायचा होता. हे रायगड म्हणजे आज छत्तीसगडमधलं, आपलं कोकणातलं नव्हे. सरकारी अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, प्रकरण न्यायालयात गेलं. मधल्या काळात २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली आणि नागरिकांना वर्षभर झेंडा लावायची मोकळीक मिळाली. २३ जानेवारी २००४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, मान राखून झेंडा फडकावणं हा नागरिकाच्या अभिव्यक्तीच्या हक्काचाच भाग आहे. पंचावन्न वर्षांनी झेंडा कायद्यानं घरी आला.

तरी आपल्या गावात तो खरा आला २०२२ ला. त्याच्या आधी दोन बदल झाले. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनं खादीसोबत पॉलिस्टरचे आणि मशीनवर तयार झालेले झेंडे चालू लागले. जुलै २०२२ मध्ये घरावर रात्रंदिवस झेंडा ठेवायची परवानगी मिळाली. मग १३ ते १५ ऑगस्टला हर घर तिरंगा. पोस्टात २५ रुपयांना झेंडा मिळत होता. मी त्या तीन दिवसांत तालुक्यात फिरलो, कुडाच्या घरावर, मोहाच्या झाडाला, ट्रॅक्टरला, जिकडे तिकडे तिरंगा. बातमी लिहिताना बरं वाटलं होतं.

झेंडा घरी आला, पण शिपाईकाकांची माहिती घरी आली नाही. फडकवायचा कसा, सेल्फी अपलोड कुठं करायची हे सगळ्यांना सांगितलं गेलं. १६ ऑगस्टला काय करायचं, हे आमच्या पेपरांनी नीट सांगितलं नाही.

"रात्रंदिवस लावता येतो" याचा अर्थ लोकांनी "काढायचाच नाही" असा घेतला. परवानगी आहे, सक्ती नाही. आपल्याकडचा ऑगस्ट म्हणजे सतत झड. त्या पावसात महिनाभर लटकवलेलं कुठलंही कापड टिकणार नाही, मग ते लुगडं असो की झेंडा.

भीती कशाची आहे, कायदा काय म्हणतो

१९७१ चा राष्ट्रीय सन्मानाचा अवमान रोखणारा कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. लोकांना एवढंच माहीत असतं आणि ते घाबरतात. कायदा कशाबद्दल आहे ते पाहा. सार्वजनिक ठिकाणी किंवा लोकांच्या नजरेसमोर झेंडा जाळणं, फाडणं, विटाळणं, पायदळी तुडवणं, त्याचा अपमान करणं, हा गुन्हा. २००३ च्या दुरुस्तीत झेंडा मुद्दाम जमिनीला टेकू देणं किंवा पाण्यात फरफटू देणं हेही आलं. यातला "मुद्दाम" शब्द महत्त्वाचा आहे. स्वच्छ बादलीत मळलेला झेंडा धुणं म्हणजे पाण्यात फरफटवणं नव्हे.

उलट ध्वजसंहिता म्हणते की फाटका, चुरगळलेला झेंडा लावू नये. मग मळलेला झेंडा न धुता तसाच चढवणं हाच मान कमी करण्याचा प्रकार झाला.

खराब झालेल्या झेंड्याबद्दल संहितेत स्पष्ट लिहिलं आहे: तो पूर्ण, एकांतात, शक्यतो जाळून किंवा त्याचा मान राखला जाईल अशा दुसऱ्या पद्धतीनं नष्ट करावा. कागदी झेंडेही जमिनीवर फेकायचे नाहीत, तेही एकांतात आणि मान राखूनच. आता कायदा आणि संहिता शेजारी ठेवून वाचा. चौकात अपमान करायला जाळला तर गुन्हा. घरामागे, शांतपणे, हात जोडून जाळला तर कर्तव्य. फरक हेतूचा आणि जागेचा आहे.

धुवायचा कसा

आधी झेंडा कशाचा आहे ते ओळखा. चमकदार, गुळगुळीत, पातळ, पाणी पडलं की लगेच वाळणारा, तो पॉलिस्टरचा. जाडसर, खरखरीत, पाणी पिणारा, तो सुती किंवा खादीचा. रेशमी किंवा फार जुना झेंडा असेल तर त्याला पाणी लावू नका, त्याबद्दल पुढे सांगतो.

धुण्याआधी झटका. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ काढा. निम्मे झेंडे एवढ्यानंच स्वच्छ होतात.

मग रंग तपासा. पांढरं सुती फडकं ओलं करून केशरी पट्टीच्या कोपऱ्यावर थोडा वेळ दाबून धरा. तसंच हिरव्यावर, तसंच चक्राच्या निळ्यावर. फडक्यावर रंग उतरला तर तो झेंडा धुवू नका, झटकून हवेवर ठेवा. धुतला तर पांढऱ्या पट्ट्यावर केशरी-हिरवे डाग पडतील आणि ते निघणार नाहीत. पाण्यात मीठ टाकलं की रंग पक्का होतो असं आपल्याकडे सगळे सांगतात. स्वस्तातल्या झेंड्याच्या रंगावर असा भरवसा ठेवू नका.

रंग पक्का असेल तर स्वच्छ बादली, थंड पाणी, थोडा सौम्य साबण किंवा रिठा. सोडा नको, ब्लीचिंग नको, बाकीचे कपडे सोबत नको. भिजत घालून शेतावर जाऊ नका. पाच-दहा मिनिटांत हलक्या हातानं दाबून दाबून मळ काढा. दगडावर आपटायचा नाही, ब्रशनं घासायचा नाही. दोन-तीन पाण्यांतून काढा. पिळू नका. जुन्या चादरीवर पसरून गुंडाळा, पाणी चादर पिते. मग सावलीत, वाऱ्यावर वाळवा, पण असा की ओला हिरवा पट्टा पांढऱ्यावर येणार नाही. आपल्याकडच्या पावसात बाहेर वाळणार नाही, घरात पंख्याखाली पसरा. अर्धवट ओला ठेवला तर बुरशी धरते, आणि बुरशीचे काळे ठिपके धुऊन जात नाहीत.

इस्त्री वर सुती कापड टाकूनच. खादीला थोडी ओल असताना मध्यम, पॉलिस्टरला अगदी कमी. पॉलिस्टर जास्त तापलं की आकसतं.

दोन डाग खास झेंडावंदनाचे असतात. पहिला हळदीचा. आपण खांबाची पूजा करतो, हळदीचं बोट झेंड्याला लागतं. त्यावर साबण लावला की तो लाल होतो, बाया घाबरतात की कुंकू कुठून आलं. साबणानं हळद लाल होतेच, नुसत्या पाण्यात खळखळून काढा. राहिलेला पिवळेपणा थोड्या उन्हानं उडतो, पण तेवढाच भाग उन्हात ठेवा, सगळा झेंडा नको. दुसरा डाग झेंडूचा. झेंड्यात फुलांच्या पाकळ्या बांधायची परवानगी आहे, पण आपण रात्रीच ओली फुलं बांधून ठेवतो आणि सकाळपर्यंत रंग उतरतो. पाकळ्या कोरड्या घ्या, सकाळी बांधा.

धोब्याकडे किंवा परटाकडे देणार असाल तर एक सांगून ठेवा: खूण घालायची नाही. झेंड्यावर कुठलंही अक्षर लिहायला मनाई आहे. मंडळाचं नाव, शाळेचं नाव, वर्ष, काही नाही. लिहायचं असेल तर पिशवीवर लिहा.

कडेची शिवण उसवली तर लगेच त्याच रंगाच्या दोऱ्यानं टाके घाला. झेंडा नेहमी मोकळ्या टोकाकडून फाटत येतो. दोन टाक्यांत थांबणारी गोष्ट आठ दिवस थांबलात तर वीतभर वर जाते.

ठेवायचा कसा

पूर्ण कोरडा झाल्यावरच ठेवा. घडीची पद्धत सरकारनं सांगितली आहे: झेंडा आडवा धरायचा, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा, मग पांढरा पट्टा दोन्ही बाजूंनी असा आत घ्यायचा की वर चक्र आणि केशरी-हिरव्याची थोडी कड दिसेल. दोन्ही तळहातांवर घेऊन जायचा.

प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत ओल धरते. वर्तमानपत्रात गुंडाळू नका. पेपरवाला असून सांगतो, आमच्या शाईचे डाग पांढऱ्या पट्ट्यावर पडतात आणि जुना कागद कापड पिवळं करतो. धुतलेल्या सुती उशीच्या खोळीत ठेवा. पेटी जमिनीवर नको, आपल्याकडे उधई कुठून येईल सांगता येत नाही. वाळलेला कडुनिंबाचा पाला वेगळ्या पुरचुंडीत बांधून पेटीत ठेवा, झेंड्याला चिकटून नको. डांबराच्या गोळ्यांचंही तसंच. सहा महिन्यांनी काढा, वारा द्या, घडी थोडी सरकवून घाला. एकाच घडीवर वर्षानुवर्षं ठेवलं की कापड नेमकं तिथंच विरतं.

फार जुना झेंडा असेल तर

तुमच्या घरी आजोबांच्या पेटीत १९४७ च्या आधीचा किंवा त्या सुमाराचा झेंडा असेल, चरख्याचा असेल, तर हात आवरा. धुवू नका, इस्त्री करू नका, शिवू नका. त्याची घडीही जोरानं उघडू नका.

मॅडम कामा यांनी २२ ऑगस्ट १९०७ ला जर्मनीतल्या स्टुटगार्टला जो झेंडा फडकवला, तो पुढे इंदुलाल याज्ञिकांनी लपवून भारतात आणला आणि तो पुण्यात केसरी-मराठा संस्थेकडे आहे. १५ ऑगस्ट १९४७ ला चेन्नईच्या सेंट जॉर्ज किल्ल्यावर लावलेला रेशमी तिरंगा तिथल्याच संग्रहालयात २०१३ पासून लोकांना पाहायला ठेवला आहे. तो काचेआड, मंद उजेडात असतो. जुन्या कापडाचा मोठा शत्रू उजेड. मळ परत काढता येतो, उडालेला रंग परत येत नाही.

आदरानं केलेलं कामही कसं नडतं त्याचं उदाहरण अमेरिकेत आहे. १८१४ च्या लढाईतला त्यांचा एक प्रसिद्ध झेंडा वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. मूळ लांबी ४२ फूट, आज ३४ फूट. ज्या कुटुंबाकडे तो होता त्यांनी आठवण म्हणून लोकांना तुकडे कापून दिले. १९१४ मध्ये तो टिकावा म्हणून पाठीमागे लिननचं कापड लावून सुमारे १७ लाख टाके घालण्यात आले. पुढे तेच अस्तर जुन्या कापडाला ओढ देऊ लागलं, आणि १९९८ नंतर तज्ज्ञांनी ते टाके एकेक करून काढले. मळ काढला तो कोरड्या स्पंजनं टिपून टिपून, बादलीत बुडवून नाही. म्हणून जुन्या झेंड्यावर घरी प्रयोग नको. सुती कापडात सैल ठेवा, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा, आणि नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, जाऊन विचारा.

आणि फाटलाच तर

इथं एक अडचण आहे. "शक्यतो जाळून" हे जेव्हा लिहिलं गेलं तेव्हा झेंडा सुताचा, लोकरीचा किंवा रेशमाचा होता. त्याची राख होते. पॉलिस्टरची राख होत नाही. ते वितळतं, ठिबकतं, काळा धूर सोडतं, उरलेला गोळा दगडासारखा होतो. पुरला तर वर्षानुवर्षं कुजत नाही. २०२१ ला कापड बदललं, नष्ट करायची ओळ तीच राहिली.

सुती झेंडा घरामागे एकट्यानं, शांतपणे जाळता येतो. पॉलिस्टरचा चुलीत टाकू नका, घरात जाळू नका, लेकरांना जवळ येऊ देऊ नका. बाहेर, मोकळ्यावर, मोठ्या माणसानं, एकेक करून. प्रत्येक घरानं हे करण्यापेक्षा गावानं मिळून केलेलं बरं.

म्हणून दोन गोष्टी मांडतो.

एक, दरवर्षी नवा झेंडा घेण्यापेक्षा एकदा चांगला सुती किंवा खादीचा झेंडा घ्या. महाग पडतो, खरं आहे. पण सकाळी लावला, संध्याकाळी उतरवला, पावसात ओला झाला तर वाळवला, वर्षातून एकदोनदा धुतला, तर तो अनेक वर्षं जातो. आमच्या शाळेतला गेला. विणकराच्या हाताला काम मिळेल ते वेगळंच.

दोन, १६ ऑगस्टला गावात एक पेटी ठेवा. शाळेत, ग्रामपंचायतीत, आपल्या नगरपंचायतीत. ज्यांना झेंडा सांभाळता येत नाही त्यांनी त्यात घडी घालून ठेवावा. चांगले असतील ते धुऊन पुढच्या वर्षी ज्यांच्याकडे नाही त्यांना द्यावेत. फाटके असतील ते दोन-चार जबाबदार माणसांनी मान राखून नष्ट करावेत. याला वरून आदेश यायची वाट पाहायची गरज नाही. आपल्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, २०११ मध्ये आपल्या बांबूचे वाहतूक परवाने स्वतःच्या हातात घेतले. जंगलाचे नियम ग्रामसभा बसून ठरवू शकते, तर एका पेटीचा नियम नक्कीच ठरवू शकते.

हे सगळं एवढं लांबवून लिहायचं कारण आहे. आपल्या जिल्ह्यात झेंडा ही साधी गोष्ट कधीच नव्हती. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला आतल्या गावांत काळे झेंडे लागल्याच्या, बहिष्काराची पत्रकं पडल्याच्या बातम्या मी कित्येक वर्षं लिहिल्या. तिरंगा लावायचा की नाही, यावर कुठल्या तरी मास्तराची, सरपंचाची रात्रभर झोप उडायची. खाली उभं राहून दोरी ओढणाऱ्याचे हात थरथरताना मी पाहिले आहेत. एका बाजूला यांची भीती, दुसऱ्या बाजूला त्यांची. त्या गावांत आज लेकरं मोकळेपणानं झेंडावंदन करतात. तिथं छपरावर चिंध्या झालेला झेंडा लोंबताना दिसला की मला त्या मास्तराची आठवण येते.

ज्या कापडासाठी नागपूरला हजारो माणसं तुरुंगात गेली, ते कापड हातात घ्यायला आपण घाबरावं, हे काही बरोबर नाही. वर चढवताना सलाम सगळेच करतात. उतरवून, धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवणारा क्वचित कोणी असतो. तो आपल्या घरात आपणच व्हायचं आहे.

तर या रविवारी छपरावर बघा. असेल तर उतरवा. तुमच्या गावात शाळेचा झेंडा वर्षानुवर्षं सांभाळणारे कोणी जुने शिपाई असतील तर त्यांना विचारा ते कसा धुवायचे, आणि इथं खाली लिहा. मलाही शिकायचं आहे.